कोल्हापूरच्या लग्नाला पाहुणे म्हणून येताना काय नेसावे, काय घालावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात लग्न ठरले की बस्ता बांधायच्या आधीच पै-पाहुण्यांचे फोन सुरू होतात आणि त्यांतले बरेचसे कपड्यांविषयी असतात. आमच्या घरात गेल्या काही वर्षांत एकापाठोपाठ एक कार्ये झाली. पाहुण्यांची चौकशी माझ्याकडे असल्यामुळे पुण्या-मुंबईच्या भाचे-पुतण्यांपासून नव्या सुनांच्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांना तेच ते प्रश्न पडतात, हे मी पाहिले आहे. मी त्यांना आधी उलट विचारते : तुम्ही कोणत्या नात्याने येणार आणि कोणत्या विधीपासून कोणत्या विधीपर्यंत थांबणार? या दोन गोष्टी कळल्या की साडीचा काठ केवढा असावा इथपासून चप्पल कोणती घालावी इथपर्यंत सारे आपोआप ठरत जाते.

पत्रिकेत पोशाखाविषयी काहीच लिहिलेले नाही. मग अंदाज कशावरून बांधायचा?

आपल्याकडे पोशाखाची सूचना पत्रिकेत छापण्याची रीत नाही, पण पत्रिका नीट वाचली तर तिच्यात पुष्कळ काही सापडते. मुहूर्त दुपारी बाराच्या आसपासचा असेल, तर अक्षता पडल्यावर भर उन्हात पंगतीला जायचे आहे, असे समजावे. गोरज मुहूर्त असेल, तर संध्याकाळचे दिवे आणि नंतरचे स्वागत एकाच कपड्यांत निभावते. स्थळाच्या नावात ‘लॉन’ हा शब्द असेल, तर डोक्यावर छप्पर नाही आणि पायाखाली ओलसर गवत आहे, हे ध्यानात घ्यावे. शेवटी निमंत्रकांची यादीही पाहावी. त्या यादीत तुमचे किंवा तुमच्या पतीचे नाव छापलेले असेल, तर तुम्ही अर्धे यजमानच आहात. दाराशी उभे राहून पाहुण्यांना ‘या, बसा’ म्हणण्याची जबाबदारी तुमच्यावर येणार, त्यामुळे एरवीपेक्षा थोडे अधिक ठसठशीत नेसणे हे तुमचे कामच आहे.

मुहूर्ताच्या वेळी बायकांनी पैठणीच नेसायला हवी का?

नाही. काठपदराची कोणतीही चांगली साडी चालते, आणि कोल्हापूरच्या लग्नात मला तरी इरकल पैठणीइतकीच शोभून दिसते. इरकलचे मूळ गाव इळकल हे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे, पण ही साडी आपल्या आज्या-पणज्यांच्या अंगावर इतकी वर्षे राहिली आहे, की ती परकी वाटतच नाही. गडद अंग, लाल काठ आणि लाल-पांढरा टोपपदर एवढ्यावरच ती उठून दिसते. तिच्यावर खणाचा ब्लाउज घातला की दुसरी कसली सजावट लागत नाही. पैठणी नेसायची असेल, तर पैठण-येवल्याच्या हातमागावर विणलेली नेसा किंवा सेमी पैठणी नेसा, त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त नवी कोरी, घडी न मोडलेली साडी थेट लग्नात नेसू नये. आदल्या आठवड्यात एकदा घरी नेसून पाहावी. म्हणजे फॉल-पिको नीट झाले आहे का, निऱ्या कुठे फुगतात आणि पदराच्या जरीच्या वजनाने खांदा ओढला जातो का, हे कळते.

नऊवारीविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण हल्ली तरुण मुली ती हौसेने नेसतात आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपासचे कापड. ते चापूनचोपून नेसले, तर दिवसभर धावपळ करता येते आणि सैल नेसले, तर पहिल्या तासातच काष्टा सुटू लागतो. शिवलेली नऊवारी सोपी पडते, पण ती मापाची नसेल, तर पंगतीत मांडी घालून बसताना मागची शिवण उसवते. माझ्या एका भाचीच्या बाबतीत असेच झाले : करवली म्हणून मिरवायची, तर मुहूर्ताआधी अर्धा तास ती खोलीत बसून राहिली आणि मी तिच्या अंगावरच दोऱ्याने टाके घातले. शिवलेली नऊवारी घेतल्यावर ती घालून जमिनीवर दोन-तीनदा बसून उठून पाहावे, एवढे मी सर्वांना आवर्जून सांगते.

नवरीच्या रंगाची साडी नेसली तर चालते का?

शक्य तो टाळावी. हळदीला नवरी पिवळ्यात असते आणि मुहूर्ताला अनेक घरांत पिवळी अष्टपुत्री किंवा हिरवा, लाल शालू असतो. नवरीच्या आईला किंवा मावशीला एक फोन केला, तर शालूचा रंग कळतो आणि त्या रंगाला बगल देता येते. हिरवा चुडा मात्र नवरीचाच राहू द्यावा. पाहुणीने दोन-चार हिरव्या बांगड्या जरूर घालाव्यात, पण कोपरापर्यंत भरू नयेत.

मानाची साडी आधीच पोहोचली आहे. तीच नेसायला हवी का?

मानाची साडी लग्नाआधी आली असेल, तर ती त्याच लग्नात, निदान एका विधीला तरी, अंगावर दिसावी, अशी देणाऱ्याची मनापासूनची इच्छा असते. बस्ता बांधताना दोन्हीकडची माणसे दुकानाच्या गादीवर तासन्‌तास बसतात. आत्याला कोणता रंग खुलेल आणि मावशीला रुंद काठ आवडतो की बारीक, यावर खल करून एकेक साडी बाजूला काढली जाते. ती कपाटात ठेवून आपण दुसरीच नेसून गेलो, तर कोणी तोंडाने बोलत नाही, पण विहीणबाईंच्या नजरेतून ते सुटत नाही. रंग अगदीच आवडला नसेल, तर हळदीच्या दिवशी किंवा सीमांतपूजनाला ती नेसावी आणि मुहूर्ताला आपल्या पसंतीची. ब्लाउज शिवून मिळायला लग्नसराईत वेळ लागतो, म्हणून साडी हातात पडताच ब्लाउजपीस शिंप्याकडे टाकावा. पुरुषांना आहेरात मिळालेली टोपी तिथल्या तिथे डोक्यावर घालावी आणि टॉवेल खांद्यावर घ्यावा. जुन्या माणसांना त्याने फार बरे वाटते.

हळदीला काय घालावे?

ज्याच्यावर डाग पडला तरी जीव हळहळणार नाही असे सुती, फिक्या पिवळ्या किंवा पांढऱ्या रंगाचे काहीही. हळद लावायला गेलेला माणूस हळद लागल्याशिवाय परत येत नाही, म्हणून रेशीम त्या दिवशी घरातच राहू द्यावे.

काळे आणि पांढरे कपडे अजिबात वर्ज्य आहेत का?

मंगलकार्याला निव्वळ काळे नेसू नये, हा संकेत आपल्याकडे अजून पाळला जातो. काळी चंद्रकळा संक्रांतीला शोभते, अक्षतेला नाही. तरुण मंडळी स्वागत समारंभाला काळा कोट किंवा काळा गाऊन घालतात आणि त्यावर आता फारसे कोणी बोट ठेवत नाही, पण मुहूर्तावर घरातली ज्येष्ठ माणसे समोर असताना तो टाळणेच मला योग्य वाटते. इरकलचे अंग काळे असले, तरी लाल काठामुळे ती चालते, असे मानणारी घरे पुष्कळ आहेत. शंका असेल, तर विचारून घ्यावे. पुरुषांच्या पांढऱ्या सदऱ्याला तर कोल्हापुरात मानच आहे. पांढरा सदरा, पांढरा लेंगा आणि गांधी टोपी घालून आलेले गावाकडचे आजोबा मांडवात कोणत्याही भरजरी शेरवानीपेक्षा कमी दिसत नाहीत.

पतीचे निधन झालेल्या स्त्रीने लग्नात काय नेसावे, असे आमच्या मावशी विचारतात. त्यांना काय सांगावे?

जे त्यांना आवडते ते. हा प्रश्न मला फोनवर नेहमी हलक्या आवाजात विचारला जातो, म्हणून उत्तर इथे मोठ्या अक्षरांत द्यावेसे वाटते. आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढून घेणे या चालींना त्या गावाने नकार दिला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा, असे सांगितले. त्याच्या शंभर वर्षे आधी, १९१७ साली, राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात विधवा पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला होता. अशा मातीत एखाद्या मावशीने भाचीच्या लग्नात कोपऱ्यात फिक्या साडीत बसून राहावे, हे मनाला पटत नाही.

मात्र निर्णय त्यांचा असावा. काहींना स्वतःलाच गडद रंग नकोसे होतात आणि तेही मान्य करावे. यजमानांनी करण्यासारखी गोष्ट अशी, की मानाच्या साड्या काढताना त्यांची साडी इतरांसारखीच, तशाच काठाची आणि तशाच रंगाची काढावी, ओटीच्या वेळी त्यांना वगळू नये आणि गजरे वाटणाऱ्या मुलीला आधीच सांगून ठेवावे. आमच्या घरच्या एका कार्यात गजऱ्याचे ताट एका काकूंच्या समोरून तसेच पुढे गेले होते. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त केसांवरून हात फिरवून पदर सारखा केला. तो हात मला अजून दिसतो. पुढच्या कार्यात पहिला गजरा मी त्यांच्याच केसांत माळला.

पुरुषांसाठी सुटसुटीत आणि योग्य पोशाख कोणता?

सुती किंवा रेशमी मिश्रणाचा झब्बा, त्यावर बंडी आणि खाली लेंगा किंवा चुडीदार, हे सर्वत्र चालते. धोतर नेसता येत असेल, तर उत्तमच. नेसवून देणारे कोणी नसेल, तर शिवलेले धोतर घ्यावे. सफारी घालणारे काका-मामा अजून दिसतात आणि तो पोशाख इथल्या लग्नात मुळीच विजोड वाटत नाही. कार्यालयातल्या सहकाऱ्याच्या मुलाचे लग्न असेल आणि तुम्ही केवळ स्वागत समारंभाला अर्धा तास जाणार असाल, तर इस्त्रीचा शर्ट-पँट पुरेसा आहे. जीन्स आणि टी-शर्ट घालून मात्र अक्षतेला उभे राहू नये.

फेट्याविषयी आम्हाला काहीच माहीत नाही. काय काळजी घ्यावी?

कोल्हापुरात फेटा हा मान आहे. दाराशी किंवा एखाद्या खोलीत फेटेवाला बसलेला असतो आणि वरपक्षाचा रंग वेगळा, वधूपक्षाचा वेगळा, अशी विभागणी बहुधा असते. म्हणून बसण्याआधी ‘आमच्याकडचा कोणता?’ हे विचारून घ्यावे. मुहूर्त जवळ आला की तिथे रांग लागते, तेव्हा तासभर आधी गेलेले बरे. बांधताना मान ताठ आणि स्थिर ठेवावी, पीळ कपाळावर घट्ट वाटला, तर त्याच क्षणी सांगावे. नंतर सैल करायला गेले की सगळा फेटा उकलतो आणि घट्ट राहू दिला, तर जेवणाच्या वेळेपर्यंत डोके दुखायला लागते. चष्मा असेल, तर तो घालूनच बांधून घ्यावा. शेमला, म्हणजे फेट्याचे मागे सोडलेले टोक, पाठीवर मोकळा सुटलेला असावा, खुर्चीला टेकताना त्याच्यावर बसू नये.

फेटा उतरवला की खुर्चीखाली किंवा चपलांजवळ ठेवू नये. काही घरी तो भेट म्हणून देतात, तर काही घरी फेटेवाला परत घेतो, निघताना विचारावे. तब्येतीमुळे बांधून घेणे जमत नसेल, तर नकार देण्याऐवजी तो हातात घ्यावा, कपाळाला लावावा आणि खांद्यावर ठेवावा, म्हणजे देणाऱ्याचे मन मोडत नाही. अलीकडे मुली-बायकाही हौसेने फेटा बांधतात, त्यांनी अंबाडा किंचित खाली घालावा.

दागिने किती आणि कोणते घालावेत?

ज्या गळ्यात कोल्हापुरी साज आहे, त्या गळ्यात दुसरे काही घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पारंपरिक साजात २१ पाने असतात; त्यांत दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक आणि पाचूची, आणि एक डोरले, असा हिशेब जुन्या बायका बोटांवर मोजून सांगतात. इतके बारीक काम हार, चपलाहार आणि मोत्यांच्या सरांत झाकून टाकण्यात काय अर्थ आहे? साजाच्या पोकळ मण्यांत लाख भरलेली असते, त्यामुळे गर्दीत दाब बसला, तर मणी चेपतो. लहान मूल कडेवर घेणार असाल, तर त्याऐवजी ठुशी घालावी. ठुशी गळ्याबरोबर बसते आणि तिचा गोफ मागे-पुढे करता येतो, म्हणून घाम आल्यावर किंचित सैल करावी. सोने घालायचे नसेल, तर गुजरी या इथल्या सराफ पेठेत चांगल्या घडणीचे चांदीचे आणि मुलामा दिलेले दागिने मिळतात. पैंजणांसाठी हुपरीच्या चांदीकामाचे नाव आहेच. नथ मात्र दाबाची आणायला विसरू नये, नाक टोचलेले नसणाऱ्या मुली ऐन वेळी तिच्यासाठी धावाधाव करतात.

कोल्हापुरात येतोय, तर कोल्हापुरीच घालावी म्हणतो. काही अडचण?

अडचण एकच : नवी चप्पल लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा घालणे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातले आणि कर्नाटकातले मिळून आठ जिल्हे आहेत. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले हे कातडे सुरुवातीला ताठर असते आणि अंगठ्याजवळ चावते. म्हणून लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी चप्पल घ्यावी, पट्ट्यांना आतून थोडे खोबरेल किंवा एरंडेल तेल चोळावे आणि रोज तासभर घरात घालून फिरावे, म्हणजे ती पायाला बसते. तेल लावल्यावर रात्रभर ती कागदावर ठेवावी, नाहीतर लेंग्याच्या कडेला तेलाचा डाग पडतो. पाण्यात भिजू देऊ नये आणि भिजलीच, तर उन्हात न वाळवता सावलीत वाळवावी. व्यासपीठावर आणि अक्षता टाकताना चपला काढाव्या लागतात, तेव्हा दोघा-तिघांच्या चपला एकत्र बांधून पिशवीत ठेवल्या, तर निघताना अनवाणी शोधाशोध होत नाही.

एप्रिल-मे महिन्यातल्या लग्नासाठी वेगळा विचार करावा का?

जरूर करावा. दुपारी कडक ऊन आणि संध्याकाळी अचानक वळीव, असा कोल्हापूरचा उन्हाळा असतो. चार वाजेपर्यंत आभाळ निरभ्र आणि साडेपाचला मांडवाच्या कापडातून पाणी गळते आहे, असे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. पंगत सुरू असताना सोसाट्याचा वारा सुटला, की रेशमी साडीचा पदर सावरायचा की पानातला भात वाचवायचा, हे कळेनासे होते. गोरज मुहूर्त आणि लॉन असा योग असेल, तर जड रेशमाऐवजी नारायणपेठ किंवा सुती-रेशमी काठपदर नेसावी, गाडीत छत्री आणि एक जोड सुकी साडी ठेवावी. अस्तर लावलेला जाड ब्लाउज टाळून सुती अस्तर शिवून घ्यावे. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या लग्नसराईत उलटे असते : रात्री गारठा पडतो, तेव्हा साडीला शोभणारी शाल जवळ असावी.

हिंदू पद्धतीचे लग्न नसेल तर?

बौद्ध पद्धतीच्या विवाहात वधू-वर पांढऱ्या वस्त्रांत असतात आणि तिथे पाहुण्यांनीही पांढरे किंवा फिके घातलेले फार शोभून दिसते. पांढऱ्याविषयीचे इतरत्रचे संकेत तिथे घेऊन जाऊ नयेत. चर्चमधल्या लग्नात मात्र पांढरा रंग वधूचा असतो, म्हणून पाहुणीने तो सोडून दुसरा रंग निवडावा. निकाहला जाताना पुरुषांनी रुमाल किंवा टोपी आणि स्त्रियांनी डोक्यावर घेता येईल असा पदर किंवा ओढणी ठेवावी. जैन कुटुंबात संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी उरकते, तेव्हा तयार होण्यात वेळ घालवून उशीर करू नये. सत्यशोधक पद्धतीच्या विवाहात साधेपणा हाच विचार असतो, तिथे अंगभर सोने घालून गेले, तर आपणच अवघडून जातो.

लहान मुलांना काय घालावे?

मुलाला धोतर-झब्बा आणि मुलीला खणाचे परकर-पोलके दिसायला सुंदर असते, पण फोटो झाले, की लगेच सुती कपडे घालावेत. जरीने मुलांच्या मानेला पुरळ येते आणि रडण्याचे कारण कोणाच्याच लक्षात येत नाही.

हळदीचा किंवा रश्श्याचा डाग पडला तर?

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो. घाबरून अधिक घासू नये, सुती कापड नुसते धुऊन कडक उन्हात वाळवावे. ऊन हळदीचा रंग खाऊन टाकते. रेशमाला मात्र ऊन दाखवू नये, ते ड्रायक्लीनला द्यावे आणि डाग कशाचा आहे, हे सांगावे. कार्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मटणाचे जेवण असेल, तर तांबड्या रश्श्याचा कट पांढऱ्या सदऱ्यावर हमखास येतो. तो पाण्याने चोळू नये. आधी कागदी रुमालाने तेल टिपून घ्यावे, वर पावडर किंवा तांदळाचे पीठ दाबून ठेवावे आणि घरी जाऊन झटकून धुवावे.

लग्नानंतर अंबाबाई आणि ज्योतिबाचे दर्शन घ्यायचे आहे. त्याच कपड्यांत जावे का?

अंबाबाईला साडी किंवा अंगभर कपडे असले की झाले. गाभाऱ्याजवळ गर्दी असते, तेव्हा साज आणि जड हार घरी ठेवून जावे. ज्योतिबाच्या डोंगरावर मात्र लग्नातली साडी नेसून जाऊ नये. तिथे गुलाल-खोबरे उधळतात, पायऱ्यांपासून शिखरापर्यंत सारे गुलाबी असते आणि तो गुलाल रेशमाच्या जरीत शिरला, की निघत नाही. आमच्या नवदांपत्यांबरोबर जाणाऱ्या प्रत्येकाला मी एक जुना सुती जोड पिशवीत टाकायला सांगते आणि परत येताना गाडीच्या सीटवर अंथरायला एक जुनी चादरही देते.